तेर्स मोडायचा नाही

शेरलच्या ओठातून रक्त आलं तरी तेर्स थांबला नाही. थांबणार कसा? आल्मेडांच्या घरात तेर्स, म्हणजे संध्याकाळची घरची जपमाळ, एकदा सुरू झाला की मोडायचा नाही. दारात पाहुणा आला तर त्यानं उंबऱ्याशी उभं राहायचं, चुलीवर कालवण करपलं तर करपू द्यायचं, वीज गेली तर मेणबत्ती आहेच. इनासनं आपल्या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडात मारली, ती बाजूला कलंडली, फणसाच्या लाकडाच्या अल्ताराची, घरच्या वेदीची, कड तिच्या ओठाला लागली, आणि त्याच श्वासात इनासच्या तोंडातून पुढची नमो मरिया निघाली. त्याच्या आईनं, मायनं, खाली मान घालून उरलेला अर्धा भाग म्हटला. खुर्चीतल्या पापानं, त्याच्या बापानं, अर्ध्या तोंडानं जो आवाज काढता येतो तो काढला. आणि शेरलनं फ्रॉकच्या बाहीनं ओठ दाबला, सरळ होऊन पुन्हा गुडघ्यांवर बसली आणि तीही उत्तर देऊ लागली. नेहमीपेक्षा मोठ्यानं.

कारण सांगायला गेलं तर हसू येईल. तेर्साच्या पाच पाळ्या असतात आणि दर पाळीत दहा वेळा नमो मरिया. चौथी पाळी शेरलची होती. पुढाऱ्यानं प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. सहा झाल्या, सात झाल्या, आणि उत्तर देता देता पापाच्या नाकातून बारीक शिट्टी वाजली. अर्धांगवायूनंतर त्याची ती तशी वाजते. शेरलला हसू आलं. तिनं ते गिळलं, पण मोजणी चुकली आणि ती सातव्यावरून एकदम दहाव्यावर गेली. इनासनं सांगितलं, आठ. ती आठ म्हणाली आणि पुन्हा फिसकन हसली. एवढंच. कुठल्याही घरात एवढ्यावर सगळे हसले असते आणि देवानंही कानाडोळा केला असता. इनासचा हात मात्र त्याला कळायच्या आत मारून मोकळा झाला होता.

स्वयंपाकघरातून योगिनी धावत आली. ती पालीकडची, हिंदू घरातली. लग्न चर्चमध्ये झालं, पण ती आपल्या देवांसकट राहिली, तेर्साच्या वेळी आत भाजी निवडत बसायची. ती शहरातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते, रक्त बघून घाबरणारी नव्हे. पण दारात तिचं तोंड पांढरं पडलं. ती पुढे होणार तोच मायनं गुडघ्यांवर बसल्या जागेवरून हात आडवा केला. म्हणाली, "संपांदे, बाय. तेर्स संपांदे." आणि योगिनी थांबली. उरलेली सव्वा पाळी ती हातात कापूस घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

तेर्स संपला की लहानांनी मोठ्यांकडून बेसांव घ्यायचा. हात जोडून एकेकापुढे जायचं, 'बेसांव दी' म्हणायचं, मोठ्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. शेरलनं तोही चुकवला नाही. पापाकडे गेली, मायकडे गेली, मग इनासपुढे येऊन उभी राहिली. हनुवटीवर रक्ताचा वाळलेला ओघळ होता. 'बेसांव दी डॅडी.' इनासनं उजवा हात उचलला आणि त्याच्या लक्षात आलं की त्या हातात अजून माळ गुंडाळलेली आहे. मग त्यानं मारलं कोणत्या हातानं? डाव्या. इनास डावखुरा नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात तो ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त करतो, पाना धरतो तो उजव्या हातात, जेवतो, लिहितो, गाडीला किक मारून झाल्यावर ॲक्सिलेटर पिळतो तो उजव्यानं. डाव्या हातानं त्याला साधी खिळ्यावर हातोडी नीट मारता येत नाही. पण पोरीच्या तोंडावर डावा हात असा बसला होता की जन्मभर त्यानं दुसरं काही केलंच नसावं. त्यानं मान वळवली तर खुर्चीतून पापा त्याच्याकडे बघत होता. पापाच्या डोळ्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं. ओळख होती, सुताराला आपण केलेली खुर्ची दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी.

कारण डावा हात पापाचा. कायतान मेस्त्री म्हणून लोक त्याला मान द्यायचे. चर्चचे बाक त्यानं केले, घरचा अल्तार त्यानं केला, चांगलं काम करायचा. दारू पीत नव्हता. हे महत्त्वाचं, कारण लोकांना वाटतं की घरात मारणारा माणूस पिऊन मारतो. पापा शुद्धीत मारायचा, आणि बहुतेक वेळा तेर्सात, कारण त्याच वेळी घरचे सगळे एका ठिकाणी हाताच्या अंतरावर सापडायचे. माळ उजव्या हातात, ती खाली ठेवता येत नाही, मोजणी मोडेल. म्हणून डावा. प्रार्थना न थांबवता मारायचा. नमो मरिये, आणि फटका. पोरांच्या मांडीवर, पाठीवर, कानाखाली. एकदा कालवणात मीठ जास्त झालं होतं त्याची आठवण त्याला तिसऱ्या पाळीत झाली आणि त्यानं मायच्या उजव्या कानावर मारली. माय भिंतीवर आदळली, उठली, पुन्हा गुडघ्यांवर बसली. त्या कानानं तिला पुढे कधी ऐकू आलं नाही. इनास तेव्हा दहाचा. त्याची मोठी बहीण पिएदाद बाराची. दोघांनी काय केलं? उत्तर दिलं. पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. मारणाऱ्याचा अर्धा आणि बघणाऱ्यांचा अर्धा मिळून प्रार्थना पुरी व्हायची. इनास मोठ्यानं म्हणायचा. मोठ्यानं म्हटलं की फटक्याचा आवाज कमी ऐकू यायचा, आणि पापाला वाटायचं पोरगा भक्तीनं म्हणतोय, त्या दिवशी तो सुटायचा. खरं म्हणजे हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेरललाही कुणी शिकवलं नाही. पण ती पहिल्याच फटक्याला शिकली आणि इनासला शिकायला वर्ष लागलं होतं, हे त्याला रात्रभर सलत राहिलं.

पिएदाद सतराव्या वर्षी कॉन्व्हेंटात गेली. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी जुन्या फादरांनी वेदीवरून सांगितलं की ज्या घरात रोज तेर्स होतो त्याच घरातून देवाला अशी हाक ऐकू येते, आल्मेडांच्या घराकडे बघा. लोकांनी वळून वळून बघितलं. पापा ताठ बसला होता, मायनं डोक्यावरचा पदर कानापर्यंत ओढून घेतला होता. पिएदादला गाडीत बसवताना इनासनं विचारलं, तुला देवानं खरंच बोलावलं का गं? ती म्हणाली की बोलावलं की नाही ठाऊक नाही, पण तिथं सगळ्या बाया आहेत. आता ती कुठल्याशा अनाथाश्रमात पोरं सांभाळते. पत्र पाठवते, फोन करते. पापाच्या अर्धांगाचं कळवलं तेव्हा दोन दिवसांसाठी आली आणि त्याच्या खाटेला हात न लावता परत गेली.

आणि इनासनं हात लावला तो कसा लावला, हेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी पापाची उजवी बाजू गेली. वाचा गेली. तेव्हापासून त्याला आंघोळ इनास घालतो. गावात म्हणतात, पोरगा असावा तर असा. न्हाणीघराचं दार लावलं की इनास पाणी थोडं जास्त कढत घेतो. फार नाही, अंगावर येईल इतकं. पाठ चोळताना पापाची कातडी लाल होते, खांद्याशी बोटांचे वळ उठतात. पापा ओरडू शकत नाही, नाक शिट्टी वाजवतं. बाहेर माय टॉवेल घेऊन उभी असते. ती वळ बघते, तेल लावते, काही बोलत नाही. या घरात कुणाच्या अंगावरचे वळ बघून काही बोलायचं नसतं. शेरल तेवढी एकदा म्हणाली होती, आजोबांना उकडलंय का, आणि योगिनीनं तिला दुसऱ्या खोलीत नेलं होतं.

सकाळी शेरल शाळेत गेली ती ओठ सुजलेला घेऊन. बाईंनी विचारलं तर काय सांगणार, असं इनासनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, अल्तार लागला. खोटं नव्हतं. पोर एका रात्रीत खोटं न बोलता लपवायला शिकली होती. योगिनी कामावर गेली नाही. तिनं भांडी घासली, कपडे वाळत घातले, मग हात पुसून समोर येऊन उभी राहिली. ती मोठ्यानं भांडणारी बाई नाही. म्हणाली, "आज ती तिथं बसली तर मी तिला घेऊन पालीला जाणार. परत आणायची नाही." इनासनं लग्नातला कागद काढला. कागद म्हणजे काय, फादरांसमोर त्यानं सही केली होती की होणाऱ्या मुलांना श्रद्धेत वाढवीन. योगिनीही तिथंच बसली होती, तिला सगळं वाचून दाखवलं होतं. तर ती म्हणाली, "त्यात मारायचं लिहिलेलं नव्हतं." मग जरा थांबून, खाली बघून म्हणाली, "तुझं राहू दे. काल मायनं हात आडवा केला आणि मी थांबले. माझी पोर रक्त गिळत होती आणि मी अकरा वर्षांची सवय म्हणून थांबले. आज थांबणार नाही, एवढंच सांगते." इनासला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी त्यानं गाडीला किक मारली.

बंदरात ऑक्टोबरचं ऊन मेणासारखं अंगाला चिकटत होतं. दादूच्या ट्रॉलरचं इंजिन उघडून ठेवलं होतं, एक नट गंजून बसला होता. असा नट चुचकारून काढावा लागतो. तेल सोडायचं, थांबायचं, थोडा ढिला करायचा, पुन्हा थांबायचं. सव्वीस वर्षं इनास हे करतोय, त्याच्या हाताचा अंदाज अख्ख्या मिरकरवाड्यात वाखाणला जातो. किती जोर लावला की नट फिरेल आणि किती लावला की तुटेल, हे त्याच्या मनगटाला कळतं. मग पोरीच्या गालाचा अंदाज त्या मनगटाला का आला नाही? की आला होता? हा विचार आला आणि त्यानं हातोडी उचलली. एक, दोन, तीन. चौथ्याला त्याच्या ध्यानात आलं की तो ओठांत काहीतरी पुटपुटतोय आणि त्याच तालावर हातोडी पडतेय. सातव्याला इंजिनाच्या ओतीव लोखंडाचा तुकडा उडाला, त्याच्या कपाळाला चाटून पाण्यात पडला. दादू वरून वाकून बघत होता. म्हणाला, "मेस्त्री, इंजिन हाय ता, वैरी नाय." कपाळातून रक्ताची धार डोळ्यात आली. इनासला बरं वाटलं. सगळ्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला भीती वाटली.

पाचला तो चर्चमध्ये गेला. शनिवारी कबुलीसाठी नवे फादर बसतात. पोरगेलेसे आहेत, आवाज मऊ आहे, मुलांना फुटबॉल शिकवतात. जाळीच्या अलीकडे गुडघे टेकल्यावर इनासनं मनात जुळवून आणलेलं सगळं सांगायचं ठरवलं होतं. डावा हात, ओठ, पाणी कढत घेणं, मोठ्यानं म्हणणं. तोंडातून निघालं ते एवढंच की फादर, राग आला आणि मुलीवर हात उगारला. उगारला म्हणाला. उगारलेला हात हवेतच राहू शकतो, खाली येतोच असं नाही, आणि जाळीपलीकडच्या माणसाला तो हवेतच दिसला. फादर म्हणाले, राग सगळ्यांना येतो, मुलं त्रास देतातच. मग त्यांनी विचारलं की घरात एकत्र प्रार्थना होते का. इनास म्हणाला, रोज, फादर, माझ्या आजोबांच्या काळापासून एक दिवस खंड नाही. फादरांना मनापासून आनंद झाला, तो त्यांच्या आवाजात ऐकू आला. म्हणाले, "मग काळजी सोडा. एकत्र गुडघे टेकणारं घर देव मोडू देत नाही. प्रायश्चित्त म्हणून आज सगळ्यांबरोबर तेर्स करा. मुलीला अगदी शेजारी घेऊन करा." त्यांनी पापक्षमेचे शब्द म्हटले. इनासनं आमेन म्हटलं. बाहेर येऊन तो पायरीवर बसला आणि त्याला हसू यायला लागलं, कालच्या शेरलसारखंच, दाबलं तरी फिसकन येणारं. चूक फादरांची नव्हती. आजाऱ्यानं दुखणं पायाला आहे म्हटलं तर वैद्य पायाचंच औषध देणार. परत आत जाऊन खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. रांगेत बाया उभ्या होत्या, सगळ्या ओळखीच्या, सगळ्यांना आल्मेडांचं घर ठाऊक. तो उठला आणि घरी निघाला. वाटेत त्यानं मनाशी हिशेब जुळवला की एकच तेर्स, आजचा. तो नीट पार पडला की पाप धुतलं जाईल, योगिनीला समजावता येईल, उद्या रविवार आहे. आज तो मारणार नाही. कसा मारेल? आज तर मुद्दाम न मारण्यासाठीच करायचा.

घरी चटया घातलेल्या होत्या, मेणबत्ती लागलेली होती. पापाला खुर्चीत बसवून मायनं त्याच्या गळ्याशी रुमाल बांधला होता. दारात गावातल्या सागरची रिक्षा उभी होती आणि योगिनी हातात पिशवी घेऊन ओटीवर. तिनं इनासच्या कपाळावरच्या जखमेकडे बघितलं, नेहमीच्या सवयीनं जवळ येऊ लागली, आणि थांबली. इनासनं तिला हळू आवाजात सांगितलं की एकच दिवस, फादरांनीच सांगितलंय. तिनं विचारलं, "रक्त आलं ते सांगितलंस त्यांना?" इनास चपला काढायला वाकला. आतून शेरलची हाक आली, डॅडी, लवकर ये, सात वाजले.

ती गुडघ्यांवर बसून तयार होती. केस ओले करून चापून बसवले होते. ओठ निळा पडला होता. तिनं बोटांची पेरं पुढे करून दाखवलं की ती आता पेरांवर मोजणार, म्हणजे हसू आलं तरी मोजणी जायची नाही. दुपारभर न्हाणीघरात पाठ केलं म्हणाली. इनासला भरून आलं. त्यानं खिशातून माळ काढून उजव्या हाताला गुंडाळली आणि आपल्या चटईवर, तिच्या शेजारी, गुडघे टेकले. फादरांनी सांगितलं होतं तसं, अगदी शेजारी. तशी शेरल उठली. आपली चटई तिनं उचलली, त्याच्या पाठीमागून फिरून दुसऱ्या बाजूला आणली, नीट अंथरली, आणि त्याच्या उजव्या अंगाला बसली. तिच्या हालचालीत घाई नव्हती. बसमध्ये खिडकीची जागा पकडावी तसं. इनासनं विचारलं, इकडे का आलीस? ती सहज म्हणाली, "ह्या हातात माळ असते ना."

इनासला आधी काहीच झालं नाही. मग त्याला आठवलं. लहानपणी माय अशीच बसायची. पापाच्या उजव्या अंगाला, भिंतीपाशी, अडचणीत. मीठ जास्त झालं त्या दिवशी नेमकी पिएदाद तिथं बसली होती. मायनं मागाहून कधीतरी म्हटलं होतं की जागा चुकली. म्हणजे घरात बसायला एक बरी जागा आणि एक वाईट जागा असते हे मायला ठाऊक होतं, आणि आता त्याच्या पोरीला ठाऊक झालं. पुढे तिला अजून कळेल. आवाज कधी वाढवायचा, कुणाच्या आड बसायचं, वळ कशानं झाकतात. हुशार आहे, भराभर शिकेल. आणि मग एक दिवस तिच्यासमोर कुणाला तरी फटका बसेल आणि ती मोजणी न चुकवता उरलेला अर्धा म्हणेल. हे सगळं कळत होतं, आणि तरीही, त्याच क्षणी, त्याला तिचा राग आला. बापाच्या हातापासून लांब बसते म्हणून राग आला. अंगठ्यापासून खांद्यापर्यंत डावा हात भरून आला. तो हात त्यानं मांडीखाली घेतला आणि त्यावर बसला.

"ऊठ," तो म्हणाला. "आईबरोबर जा."

शेरलला वाटलं, आपण जागा बदलली म्हणून डॅडी चिडला. ती लगबगीनं म्हणाली की परत त्या बाजूला बसते. इनासनं नाही म्हटलं. ती रडवेली झाली. म्हणाली, "मी नाही चुकणार डॅडी. बघ तरी. एकदा म्हणून दाखवू? दहाच्या दहा म्हणते." आणि ती पेरांवर अंगठा ठेवून म्हणायला लागली, भराभर, ओठ दुखत होता म्हणून शब्द बोबडे येत होते. ती पोर कुठं जायची नव्हती. मार खाल्लेली पोरं मारणाऱ्याला सोडून जात नाहीत, ती अजून चांगली वागायला बघतात, हे इनासला जितकं ठाऊक होतं तितकं कुणाला ठाऊक असणार? प्रेमानं सांगितलं असतं तर ती गळ्यात पडली असती. तेव्हा त्यानं तोंड उघडलं आणि पापाचा आवाज काढला. घराची कौलं हलावीत तसा तो ओरडला, चालती हो म्हणाला, पुन्हा या खोलीत पाय टाकलास तर बघ म्हणाला. जे जे शब्द त्यानं या जमिनीवर गुडघे टेकून ऐकले होते ते सगळे त्यानं तिला ऐकवले. शेरल मागे सरली. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल साधी, स्वच्छ भीती आली, चुकल्याची लाज त्या भीतीत उरली नाही, आणि ती वळून पळाली. ओटीवर योगिनीनं तिला कवेत धरलं. योगिनीनं इनासकडे बघितलं ते बराच वेळ बघितलं. तो पोरीला मुद्दाम घालवतोय हे तिला कळलं की नाही ठाऊक नाही. तिनं पोरीला रिक्षात बसवलं.

इनास हातावरच बसून होता. त्याच्या मागं काहीतरी हललं. माय भिंतीला धरून उठत होती. तेर्साच्या वेळी, मेणबत्ती लागलेली असताना, माय उठून उभी राहिलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. ती ओटीवर गेली, शेरलच्या चपला राहिल्या होत्या त्या उचलल्या, पदरानं पुसल्या आणि रिक्षापाशी नेऊन दिल्या. इनासला वाटलं, आता ती परत येईल. तिनं आत वाकून योगिनीला काहीतरी विचारलं. योगिनी सरकली. मायनं एका हातानं दांडी धरली, लुगडं सावरलं, आणि पंचाहत्तर वर्षांची ती बाई पाय वर घेऊन रिक्षात बसली. तिनं पिशवी घेतली नव्हती, चष्मा खिडकीत होता, पापाच्या रात्रीच्या गोळ्या तिच्याच हातच्या असायच्या. सागरनं एकदा घराकडे बघितलं आणि रिक्षा चालू केली. पालीचा रस्ता लागेपर्यंत आवाज येत राहिला.

खोलीत इनास आणि पापा राहिले. पापानं चाललेलं सगळं पाहिलं होतं, किती कळलं ते त्याचं त्याला माहीत. त्याला एवढंच कळत होतं की सात वाजून गेलेत, मेणबत्ती जळतेय आणि कुणी सुरुवात करत नाही. त्यानं खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. एकदा, दोनदा. मग ठेक्यात आपटत राहिला. सुरू कर. सुरू कर.

"थांब, पापा," इनास म्हणाला.

तो शब्द त्यानं पापाला जन्मात पहिल्यांदा म्हटला होता. सहा पावलांवर पापाची मान होती, बारीक, रुमाल बांधलेली, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पापाचा हात थांबला नाही. इनास उठला, मागं न बघता ओटीवर आला, बाहेरून कडी घातली आणि शेजारणीला हाका मारायला लागला की कुणीतरी या, माझ्या बापाजवळ बसा, मला त्याच्याजवळ एकट्याला ठेवू नका.